सायराकान आपांच्या खोलीतला उजेड

१० फेब्रुवारी

ही वही आनारने बॅगेत घातली. चौतीस वर्षं मी दिव्यांचे आकडे सिगारेटच्या पाकिटांवर लिहिले आणि चौतीस वर्षं तिने ती पाकिटं पँटींबरोबर धुतली. निघताना म्हणाली, "आता तुम्ही कॅमेरामन झालात. वहीत लिहा." वहीच्या रेघा फार फिकट छापल्यात. एक ओळ सोडून मोठ्या अक्षरात लिहितो आहे.

बिश्केकहून नारिनच्या पुढच्या या गावाला पोचायला आठ तास लागले. दोलोन खिंडीत बर्फावरचं ऊन असं काही डोळ्यांत शिरलं की पुढचा रस्ता मी डोळे मिटूनच काढला. गाडी चालवणारा मेदेर म्हणाला, "उस्ताद, झोपलात की नमाज चाललाय?" मेदेर चाळिशीचा आहे. गाडी, वायरी, दिवे आणि वात्रटपणा ही चारही खाती त्याच्याकडे आहेत.

जिपारचा हा पहिला मोठा सिनेमा. नवरा गेल्यापासून बोलणं टाकलेली एक बाई आणि मॉस्कोला कामाला निघालेली तिची मुलगी, एवढीच गोष्ट. सगळी एका खोलीत, सगळी दिवसाउजेडी. जिपार बत्तीस वर्षांची आहे. कॉलेजात असताना तिच्या परीक्षेच्या सिनेमाला मी दोन बल्ब आणि केक भाजायच्या कागदावर उजेड करून दिला होता, ते ती विसरली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यासाठी दिवे उचलले, तिने कॅमेराच हातात दिला. लोकांनी तिला नको म्हणून सांगितलं होतं, हेही मला ठाऊक आहे.

घर सायराकान आपांचं. वय एकोणऐंशी. शूटिंगपुरत्या त्या स्वयंपाकघरात राहणार आहेत. खोली छान आहे आणि अवघडही. भिंती हातभर जाड. दोन लहान खिडक्या, दोन्ही दक्षिणेला. छत इतकं खाली की हात वर केला तर बोटं टेकतात, म्हणजे वर दिवा टांगायची सोय नाही. एका भिंतीशी रजयांची चळत छताला भिडलेली. जमिनीवर आपांनी लोकर थापून स्वतः बनवलेला नमद्याचा गालिचा. मी म्हटलं, "आपा, तपकिरी रंग काय सुरेख धरलाय." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, "तपकिरी?" म्हणाल्या आणि चहा आणायला गेल्या. आपल्या कामाचं कौतुक ऐकायची सवय नसावी.

सामान: दोन चपटे एलईडी दिवे, स्टुडिओने मोडीत काढलेला एक जुना लाल दिवा (लाल फक्त डबा, उजेड साधाच), चार साधे बल्ब, एक लाइट मीटर. बाकी आपलं डोकं.

११ फेब्रुवारी

चाचणी घेतली. एलईडी दिवे भलतेच पिवळे निघाले. नव्या वस्तूंचं हे असंच. मी त्यांचा काटा निळ्याकडे ढकलला, तेव्हा कुठे खिडकीच्या उजेडाशी जुळलं. जिपारने पडद्यावर बघितलं. "काका, फार निळं नाही ना होत?"

"तुझा पडदा पिवळट आहे, म्हणून तुला तसं वाटतं."

"पडदा पिवळट असता तर मला पिवळं दिसलं असतं ना?"

मी म्हटलं, हिवाळा आहे, बाहेर बर्फ आहे, उजेड निळाच असतो. पोरगी हुशार आहे, पण उजेड पुस्तकातून शिकलेली आहे.

१३ फेब्रुवारी

शूटिंगला सुरुवात. दोन्ही खिडक्यांना बाहेरून पांढरी चादर लावली आणि चादरीमागे लाल दिवा उभा केला. ऊन तासातासाला जागा बदलतं. सिनेमातले पाच मिनिटांचं बोलणं टिपायला आपल्याला पाच तास लागतात. तेवढा वेळ सूर्याला थांबवून ठेवायचा म्हणजे त्याला झाकून आपला सूर्य लावायचा. सायराकान आपा अंगणात येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"सूर्य बाहेर फुकट उभा आहे," त्या मेदेरला म्हणाल्या, "आणि तुम्ही त्याला चादरीने झाकून त्याच्याऐवजी दिवा लावता. सरकारी काम आहे का हे?"

"सरकारी असतं तर दिवाही लागला नसता, आपा."

आईचं काम करणाऱ्या दामिराबाई नारिनच्या नाटकमंडळीतल्या. साठीच्या आसपास, बोलायला कमी, कामाला चोख. दोन वाक्यं सांगितली की तिसरं सांगावं लागत नाही. मुलीचं काम आयझादा करते. तिला मातकट कपडे का दिले म्हणून मी कपड्यांचं बघणाऱ्या बाईवर चिडलो. त्या खोलीत मातकट रंग मरतो. ती म्हणाली, "हा निळा आहे." मी म्हटलं, असेल पेटीत असताना.

खोलीत धूर फार. आपा चुलीत गोवऱ्या घालतात. दिव्यांभोवती वलयं दिसतात. भिंग तासातासाला पुसावं लागतं.

१६ फेब्रुवारी

आज मेदेरला रंगेहाथ पकडलं. मी एलईडीचा काटा लावून कॅमेऱ्यामागे आलो आणि सहज मागे बघितलं, तर हा काटा परत फिरवतोय. उजेडही अर्ध्यावर आणला होता.

"हात काय करतोय तुझा?"

"वायर सैल होती, उस्ताद."

"वायर खाली आहे. काटा वर आहे."

"म्हणून तर वर चढलो होतो."

सगळे हसले. मी नाही हसलो. काटा पुन्हा होता तिथे लावला. जिपारने मेदेरकडे बघून मान किंचित हलवली. हे मान हलवणं मी तीन दिवस बघतो आहे. दोघं अंगणात बोलत असतात आणि मी गेलो की हवापाण्यावर येतात.

चौतीस वर्षांत मी चांगल्याचुंगल्या कॅमेरामनांना खड्ड्यातून वर काढलंय. हे जिपारच्या जन्माआधीपासूनचं.

१८ फेब्रुवारी

आजचा दिवस माझा. सकाळी आठपासून गावातल्या सगळ्या विजेच्या शेगड्या एकदम चालू झाल्या, कारण थंडी उणे सव्वीस. वीज इतकी मंदावली की लाल दिवा काजव्यासारखा झाला. जिपार म्हणाली, आज सुट्टी. मी म्हटलं, थांब.

सायराकान आपांच्या कपाटाच्या दाराला माणसाएवढा आरसा आहे. विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यात आता बघण्यासारखं काही उरलं नाही, न्या." मेदेरने दार बिजागऱ्यांतून काढलं. अंगणात बर्फात दोन लाकडांना टेकवून असं तिरकं लावलं की ऊन आरशावरून उडून खिडकीतून आत, थेट छतावर. छताला आपांनी गेल्या वर्षीच चुना दिलेला. पांढऱ्या छतावरून उजेड खोलीभर खाली उतरला, सावलीला कुठे धार नाही. दर दहा मिनिटांनी मेदेर बाहेर जाऊन आरसा बोटभर सरकवत होता. अडीच तासांत दोन प्रसंग झाले.

जिपारने पळत येऊन माझा हात दाबला. "काका, हे असं कुणालाच सुचलं नसतं." तिचे डोळे भरल्यासारखे वाटले. नीट दिसलं नाही, छताच्या झगझगाटात उभी होती.

दुपारी जेवायला मांस-बटाट्याचं कुरदाक. आपांनी माझ्या ताटात हाडाजवळचं मांस वाढलं. आनारला फोन केला. ती म्हणाली, "तो डॉक्टर मार्चमध्ये परत येतोय." मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, चष्मा बदलला की झालं.

१९ फेब्रुवारी

हा प्रसंग सिनेमाचा कणा आहे. मुलगी निघाली आहे, आई अजून बोलत नाही, निरोप द्यायचा आहे आणि शब्द नाही. जिपारने दामिराबाईंना एवढंच सांगितलं, "तिचे हातमोजे तुमच्या हातात आहेत. ते तिला द्यायचे आहेत. बाकी तुमचं."

आभाळ आलेलं, म्हणजे आरसा नाही. वीज मंद, म्हणजे लाल दिवा नाही. उरला एक एलईडी आणि खिडकी. भिंग पूर्ण उघडावं लागलं. भिंग इतकं उघडलं की स्वच्छ दिसणारी पट्टी चार बोटांची उरते. माणूस त्याच्या पुढे-मागे झाला की धुक्यात गेला. मी स्वतः फोकसच्या कड्यावर बोटं ठेवून बसलो. मेदेर म्हणाला, "टेपने अंतर मोजून खूण करू का, उस्ताद?" मी म्हटलं, माझ्या डोळ्यांपेक्षा तुझा टेप मोठा झाला का?

एकच टेक. दामिराबाईंनी काय केलं ते शब्दांत सांगता येत नाही. हाताचं काहीतरी केलं त्यांनी, मोज्याशी. खोली एकदम अशी शांत झाली की मला माझा श्वास ऐकू आला. संपल्यावर आयझादा खरंच रडत होती. जिपार पडद्याकडे बघतच नव्हती, ती खोलीत बघत होती आणि तोंडावर हात होता. दामिराबाई उठल्या आणि बाहेर जाऊन बर्फात उभ्या राहिल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "दुसऱ्यांदा सांगू नका. होणार नाही."

मी म्हटलं, गरजच नाही.

चौतीस वर्षं ज्याची वाट बघितली ते आज झालं.

२० फेब्रुवारी

जिपारने आज शूटिंग ठेवलं नाही. काल सगळं टिपलेलं लॅपटॉपवर बघायला बसली, तेव्हापासून तिचा चेहरा उतरलेला आहे. दुपारी आपांनी कणकेचे बोरसोक तळले, तिने हात लावला नाही. असं होतं. मोठं काही हाताला लागलं की माणूस रिकामा होतो. मी तिला तसं म्हणालोही. तिने माझ्याकडे बघितलं आणि "हो काका" म्हणाली.

गोठ्यामागे मेदेर फोनवर बोलत होता. माझ्या कानावर एवढंच आलं: "बिश्केकहून दुसरा कुणी मोकळा आहे का बघ. नाही, त्यांना अजून सांगितलेलं नाही."

म्हणजे हे असं. कालचा टेक हाती आला, आता म्हाताऱ्याची गरज नाही. कपाटाचं दार मी उचलायचं, नाव कुणा पोराचं लागायचं. उद्या विचारणारच आहे तोंडावर.

२१ फेब्रुवारी

विचारायच्या आधीच झालं ते. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी सगळे झोपलेले. मी स्वयंपाकघरात गेलो. आपा दुधाचा चहा ओतत होत्या. त्यांनी वाडगा पुढे केला, मी हात पुढे केला, आणि वाडगा माझ्या हाताच्या बाजूने खाली गेला. चहा चटईवर. मी माफी मागितली. त्यांनी फडकं टाकलं आणि माझ्यासमोर बसल्या.

"तेमिरकुल, तो वरचा बल्ब बघ. त्याच्याभोवती काय दिसतं?"

"वलय. धुरामुळे."

"कसला धूर?"

"तुमच्या गोवऱ्यांचा."

"चूल अजून पेटवलीच नाही मी. चहा विजेच्या किटलीतला आहे."

मी बल्बाकडे बघत राहिलो. वलय होतं. पिवळं, दाट, अंड्यातल्या बलकासारखं.

"मलाही सहा वर्षं दिसत होतं," आपा म्हणाल्या. "मीही गोवऱ्यांनाच शिव्या दिल्या. मग लेकीने नारिनला नेलं. मोतीबिंदू आहे रे तुला. दोन्ही डोळ्यांत असणार. तू आल्या दिवशी माझ्या गालिच्याला तपकिरी म्हणालास तेव्हाच मला शंका आली. तो जांभळा आहे. मी स्वतः रंगवलाय, तीन दिवस हात जांभळे होते."

"तेव्हा का नाही बोललात?"

"पाहुणा दारात उभा असताना त्याला आंधळा म्हणू?"

मी त्या खोलीत जाऊन गालिच्यावर गुडघे टेकून बसलो, वाकून वाकून बघितलं, खिडकीजवळ कोपरा उचलून धरला. तपकिरी. मला तो तपकिरीच दिसला.

जिपार उठून आली तेव्हा मी तसाच बसलेलो होतो. विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

ती खाली माझ्याजवळ बसली. "मेदेरला पहिल्या दोन दिवसांत कळलं. मला चौथ्या दिवशी खात्री पटली."

"आणि तुम्ही माझ्यामागे काटे फिरवत होता."

"दिवे तुम्ही जिथे ठेवता ती जागा बरोबरच असते, काका. फक्त रंग आणि प्रमाण चुकायचं. ते मीटरवर बघून ठीक करता येत होतं."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही निघून गेला असता."

"मग गेलो असतो."

"म्हणून नाही सांगितलं." मग म्हणाली, "चूक झाली माझी. सांगितलं असतं तर परवाचा टेक वाचला असता."

मला कळेना. तिने लॅपटॉप आणून मांडीवर ठेवला. मला तर तो टेक इतर चित्रांसारखाच दिसला. तिने बोटाने दाखवलं. "मागची रजयांची चळत. एकेक टाका मोजता येतो. आणि दामिराबाई धुक्यात आहेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मोठ्या पडद्यावर डोळेच दिसणार नाहीत."

मेदेरने टेप विचारला होता.

२२ फेब्रुवारी

बॅग भरली. मेदेरला म्हटलं, मला नारिनच्या स्टँडवर सोड. तो म्हणाला, "गाडी गोठली आहे." गाडी चालू होती, आवाज येत होता. "उस्ताद, बिश्केकचा माणूस मोकळा नाही. आणि असता तरी त्याने आरशाचं दार कशाला काढलं असतं, जनरेटर मागितला असता."

मग मी दामिराबाईंकडे गेलो. हे मला दुसऱ्या कुणाकडून त्यांना कळू द्यायचं नव्हतं. त्या अंथरुणावर बसून विणत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. माझे डोळे गेलेत, मी ते कुणाला आणि स्वतःलाही कळू दिलं नाही, आणि तुमचा तो टेक माझ्यामुळे वाया गेला.

बराच वेळ सुया चालत राहिल्या.

"सगळाच?"

"तुमचा चेहरा. मागच्या रजया स्वच्छ आल्यात."

"म्हणजे रजयांनी चांगलं काम केलं," त्या म्हणाल्या. मग विणकाम बाजूला ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी तिथेच उभा. काय करावं कळेना. थोड्या वेळाने हात काढून म्हणाल्या, "बसा तरी. नवरा वारला तेव्हाही असेच पुरुष भिंतीला लागून उभे होते सगळे."

मी बसलो.

"कसा होता मी केलेला प्रसंग? तुम्ही सगळ्यांत जवळ होतात."

"मला दिसला नाही," मी म्हणालो. हे वाक्य उच्चारायला मला जन्म लागला असता, पण त्या बाईसमोर खोटं निघेना. "खोली शांत झाली तेवढं कळलं."

"मलाही आठवत नाही. मी काय करते ते मला नंतर कधीच आठवत नाही." सुया पुन्हा उचलल्या. "उद्या पुन्हा करू. तसा होणार नाही. वेगळा होईल."

बॅग अजून भरलेलीच आहे. वरचे दोन शर्ट काढले.

२३ फेब्रुवारी

दिवे मी लावले. पण आज सगळ्यांना आधीच सांगितलं: मला रंग कळत नाही, कमी-जास्त कळत नाही, मी विचारीन, तुम्ही खरं सांगायचं. कपड्यांची बाई म्हणाली, "निळा ड्रेस, काका." मी म्हटलं, मान्य.

मीटर मेदेरच्या हातात दिलं आणि आकडे मोठ्याने वाचायला लावले. चेहऱ्याच्या खिडकीकडच्या गालावर एक, सावलीकडच्या गालावर एक, मागच्या भिंतीवर एक. आकडे कानांनी ऐकले की खोली मला डोक्यात दिसते. आश्चर्य म्हणजे मला वाटत होतं त्याहून फार कमी उजेड लागतो आहे. एलईडी बंदच केला. खिडकी आणि बाकी काही नाही. सावलीच्या बाजूला मी उजेड परतवायला चादर धरायचो, ती काढून तिथे उलट काळी रजई टांगली.

सायराकान आपांना स्टुलावर बसवलं, कॅमेऱ्याशेजारी.

"काय दिसतं, आपा?"

"बाई बसलीय."

"अर्धा चेहरा काळा आहे की दिसतोय?"

"दिसतोय. जेवढा दिसायला हवा तेवढा." मग म्हणाल्या, "माझा नवरा गेला त्या हिवाळ्यात ही खोली अशीच होती. दिवा लावायचं माझ्या लक्षातच यायचं नाही."

कॅमेऱ्याला डोळा जिपारने लावला. मेदेरने टेपने अंतर मोजलं, दामिराबाईंच्या नाकापासून भिंगापर्यंत, आणि नमद्यावर चिकटपट्टीची खूण केली. कडं मी फिरवलं, पण आकड्यावर, मेदेरच्या खुणेवर. कड्यावरचे आकडेही मला वाचता येत नव्हते, त्याने तिथे नेलपॉलिशचे तीन ठिपके लावून दिले. आयझादाचं नेलपॉलिश. लाल. लाल मला अजून कळतो.

दामिराबाईंनी या वेळी काहीच केलं नाही. मोजे मुलीच्या मांडीवर ठेवले, हात मागे घेतला आणि तिच्याकडे बघत राहिल्या. एवढंच. जिपार म्हणाली, "झालं." मग म्हणाली, "चांगलं झालं." दोन्ही वाक्यांत अंतर होतं, ते दामिराबाईंनाही ऐकू आलं असणार. त्यांनी मान डोलावली आणि शाल घेतली.

फोकस स्वच्छ आहे. चौघांनी वेगवेगळं बघून सांगितलं.

२६ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. कपाटाचं दार परत बसवलं. मेदेरने बिजागरीला तेल घातलं. आपा म्हणाल्या, "पहिल्यापेक्षा नीट लागतंय. अजून काही मोडायचं असेल तर मोडून जा."

निघताना त्या माझ्या गाडीच्या काचेशी आल्या. "घाबरू नकोस. पंधरा मिनिटांचं काम आहे. मला तर डॉक्टरच्या पोटातली गुडगुड ऐकू येत होती, बिचारा जेवला नव्हता."

मी आनारला फोन करून त्या डॉक्टरची तारीख घ्यायला सांगितली. ती म्हणाली, "घेतलेलीच आहे. डिसेंबरातच घेतली होती."

१३ मार्च, बिश्केक

उजवा डोळा झाला काल. आज पट्टी काढली. डॉक्टरच्या खोलीतली भिंत निळी. मी निळी म्हणून लिहितो आहे, पण हा शब्द मी इतकी वर्षं कशाला वापरत होतो देव जाणे. डावा डोळा मिटला की निळी, उजवा मिटला की पिवळट. दहा वेळा करून बघितलं. नर्स म्हणाली, "आजोबा, खेळू नका."

घरी आल्यावर आनार म्हणाली, "मी कशी दिसते?" मी म्हटलं, "स्वच्छ." तिने टॉवेल फेकून मारला.

२९ मार्च

डावाही झाला. आज जिपारने संकलनाला बोलावलं. खोलीत ती आणि मी. सगळा सिनेमा कच्चा जोडलेला आहे. पहिल्या आठवड्याचं निळंपण तिने बरंच काढलं आहे, पण दोन ठिकाणी भिंतीत राहिलंय. मला ते लगेच दिसलं. लगेच दिसलं याचाच इतका आनंद झाला की लाज वाटायची राहून गेली. आरशाचे प्रसंग सुंदर आहेत. हे मी स्वतःबद्दल लिहितो आहे तरी लिहितो.

निरोपाचा प्रसंग आला, तेवीस तारखेचा. चांगला आहे. सिनेमाला तोच योग्य आहे असं जिपारला वाटतं, मलाही वाटलं. खोली तशीच दिसते जशी आपा म्हणाल्या होत्या.

मग मी तिला एकोणीस तारखेचा टेक लावायला सांगितला.

"कशाला, काका? नका बघू."

"फक्त मीच तो अजून नीट बघितलेला नाही."

तिने लावला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. रजया स्वच्छ, प्रत्येक टाका दिसत होता. पुढे दामिराबाई, धुक्यात. इतके दिवस धुकं माझ्या डोळ्यात होतं, आता ते चित्रात आहे आणि तिथून कुठल्याही डॉक्टरला काढता येणार नाही. तरीही हालचाल दिसते. वाकून वाकून बघितलं, तीन वेळा लावला. चौथ्यांदा लावला तेव्हा सगळं जागेवर आलं.

बाहेर येऊन दामिराबाईंना फोन लावला. त्या नारिनला बसथांब्यावर उभ्या होत्या. तालमीला निघालेल्या. वारा ऐकू येत होता.

"डोळे कसे आहेत?"

"ठीक. दामिराबाई, मी आज तुमचा तो टेक बघितला. पहिला. तुम्ही म्हणाला होतात, काय केलं ते आठवत नाही."

"नाहीच आठवत."

"सांगू?"

मी सांगायला लागलो. "मुलीने मोज्यांसाठी हात पुढे केला. तुम्ही मोजा दिला नाही. डाव्या हाताचा मोजा घेतला, त्याचं तोंड उघडलं आणि आत फुंकर घातली. गरम करायला. लहान मुलांचे करतात तसं. मग पुन्हा एकदा घातली, कारण पहिली पुरली नाही असं तुम्हाला वाटलं."

"दोनदा?"

"दोनदा."

मग त्या म्हणाल्या, "माझी आई घालायची. आम्ही पाच भावंडं, शाळेला निघालो की दारात रांग लावायचो. मी विसरून गेले होते." मागे एक गाडी येऊन थांबल्याचा आवाज झाला, दार उघडलं, कुणीतरी ओरडून विचारलं येताय का. त्यांनी तिकडे तोंड करून "जाऊ दे, मागच्याने येते" म्हटलेलं मला ऐकू आलं. दार आपटलं. गाडी निघाली.

"हं," त्या म्हणाल्या. "दोनदा फुंकर घातली. मग पुढे?"

मग मी पुढचं सांगितलं.